एकवीस वर्षांचे वडील

दारात उभं राहून, डोक्यावरची हॅट काढून, "मी वडील. तुमच्याकडे आलो आहे," असं अदबीनं सांगणारा एकवीस वर्षांचा गोरा पोरगा तुम्ही कधी पाहिला नसेल. आम्ही नेकनूरकरांनी पाहिला. नुसता पाहिला नाही, चांगले दोन पावसाळे सांभाळला. आणि एकदा वडील म्हटल्यावर अरे-तुरे कसं करणार? पाळण्यातल्या पोरापासून ते काठी टेकणाऱ्या म्हाताऱ्यापर्यंत सगळं गाव त्यांना अहो-जाहो करायचं. मीही इथं तसंच लिहितो.

त्यांचं खरं आडनाव जेन्सन. अमेरिकेत कुठंतरी मिठाचं मोठं तळं आहे, त्याच्या आसपासचे. पंथ मॉर्मन. हा पंथ आणि बीडला अधूनमधून येणारे पाद्री यांच्यात फरक काय, हे त्यांनी मला पुष्कळदा समजावून सांगितलं. मला एवढंच समजलं की या दोघांचं आपसात जमत नाही. त्यांच्यात म्हणे मिसरूड फुटलेल्या प्रत्येक प्रचारकाला एक मानाचा शब्द लावतात, ज्याचा अर्थ वयानं, मानानं मोठा. आता मराठी मुलखात जायचं म्हणून या बाबानं आगबोटीवर कोश उघडला, त्या शब्दापुढे 'वडील' असं लिहिलेलं पाहिलं आणि तेच नाव लावून घेतलं. कोशात चूक नव्हती. पण कोश लिहिणारा कधी नेकनूरला आलेला नसावा.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. माझं किराण्याचं दुकान होतं आणि दुकानाला लागून एक रिकामी खोली. तिथं हे दोघेजण येऊन उतरले. हो, आधी दोघं होते, आणि दोघांचंही नाव वडीलच. एका खोलीत दोन वडील आणि दोघांत मिळून एक दाढीही नाही. पण दुसऱ्याला हिवतापानं असं धरलं की त्याला बैलगाडीत घालून पुण्याकडे लावून द्यावं लागलं. जेन्सन वडील एकटे राहिले. एकटं राहायचं नाही असा त्यांच्या पंथाचा नियम. पण दुसरा माणूस येता येता राहिला तो राहिलाच.

परका गोरा माणूस गावात राहतो म्हटल्यावर चौकशी आलीच. बीडहून एक जमादार घोड्यावर बसून आला. माझ्या दुकानाच्या बाकड्यावर बसून त्यानं विचारलं, "नाव?"

"वडील जेन्सन."

"वालिद का नाव बाद में बोलना मियाँ. पहले तुम्हारा बोलो."

"माझेच नाव वडील."

जमादारानं माझ्याकडे पाहिलं. मी तागडी पुसत होतो. बराच वेळ हा घोळ चालला. शेवटी जमादारानं स्वतःच्या मर्जीनं काहीतरी टिपलं आणि हळूच विचारलं, तुमच्या लोकांत म्हणे बायका पुष्कळ करतात, खरं का? वडील कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले. पूर्वी तसं होतं, आता एकच, आणि मला तर एकही नाही, असं त्यांनी कसंबसं सांगितलं. जमादाराला फार वाईट वाटलं. "अल्ला देगा," असा धीर देऊन तो निघून गेला आणि पुन्हा कधी आला नाही.

वडिलांची मराठी ही एक वेगळीच चीज होती. पाद्र्यांच्या जुन्या पुस्तकांतून शिकलेली. "बंधो", "तुम्हांस", "मजला" असले शब्द. कुठल्याही प्रश्नाला त्यांचं एकच उत्तर: "खचित!" जेवलात का? खचित. पाऊस येईल का? खचित. आता आमच्या गावात खचित म्हणतं कोण? पण एक शब्द त्याच्या जवळचा सगळ्यांना ठाऊक होता. तेव्हा एक दिवस समोरच्या गल्लीतला म्हातारा कोंडिबा धनगर शेजाऱ्याचा एक दांडगा गोऱ्हा दोरीला धरून माझ्या दुकानापुढे हजर झाला.

"वडील हायेत का?"

"काय काम काढलं?"

"ह्याला खच्ची करायचाय. त्ये गावभर सांगत फिरत्यात न्हवं, खच्ची, खच्ची म्हनून."

मला हसू आवरेना. मी वडिलांना बाहेर बोलावलं आणि मामला समजावला. वाटलं, आता तोंड लपवून आत पळतील. तर वडिलांनी गोऱ्ह्याभोवती एक फेरी मारली, काळा कोट काढून माझ्या खुंटीला अडकवला, बाह्या वर केल्या आणि कढत पाणी मागितलं. खेड्यातलंच पोर ते. बापाची गुरं राखत वाढलेलं. आमच्याकडे बडवून खच्ची करायची रीत, यांची रीत चाकूची. पण हात असा सराईत की गोऱ्ह्याला हंबरायलाही फुरसत मिळाली नाही. "हे मजला माझ्या पित्याने शिकविले," असं हात धुताना ते म्हणाले, आणि इतके खूश झाले की त्या दिवशी धर्माचं एक अक्षर त्यांनी काढलं नाही. त्यानंतर गावात त्यांना खरा मान मिळाला. धर्मासाठी नव्हे, गोऱ्ह्यांसाठी.

धर्माचं दुकान मात्र चालेना. त्यात जागाही त्यांनी अशी निवडलेली, की माझ्याच पायरीवर उभं राहून माझ्याच मालाची नालस्ती. चहा पिऊ नका, तंबाखू खाऊ नका, विडी ओढू नका. मी आतून तंबाखू तोलून देतोय आणि हे बाहेर गिऱ्हाइकाला सांगताहेत, "बंधो, आपले शरीर हे देवाचे मंदिर आहे." एकदा कोंडिबानं हे शांतपणे ऐकून घेतलं, विडी पेटवली आणि म्हणाला, "देऊळ हाय म्हनूनच तर धूप घालतो, वडील." पायरीवरची माणसं खो खो हसली. वडीलही हसले. खोटं कशाला सांगू, त्यांचं ऐकायला माणसं जमायची, जमली की बसायची आणि बसली की तंबाखू मागायची. मला तक्रारीला जागा नव्हती.

असा उन्हाळा गेला, पाऊस सुरू झाला आणि भादव्याचा वद्य पक्ष लागला.

आमच्याकडे पितृपक्षात गेलेल्या माणसाच्या तिथीला त्याच्या नावानं कोणाला तरी जेवू घालतात. त्या दिवसापुरता जेवणारा तो गेलेला माणूसच समजायचा. त्याचे पाय धुवायचे, गंध लावायचं, गेलेल्याला जे आवडायचं ते पानात वाढायचं. याला पित्तर घालणं म्हणतात. कोंडिबाची चुलत भावजय गयाबाई, विधवा बाई, तिच्या सासऱ्याची तिथी होती. खीर, वडे, कढी, गवारीची भाजी, सगळं तयार. पण पित्तर म्हणून ज्याला सांगितलं होतं तो दिंद्रुडचा पाव्हणा आलाच नाही. दुपार कलली. बाई पाण्याचा तांब्या घेऊन दाराशी डोळे लावून बसलेली. आणि नेमके आमचे वडील धर्म सांगत त्या गल्लीत शिरले, तिच्या दारात थांबले, हॅट काढली.

"मी वडील. तुमच्याकडे आलो आहे."

गयाबाईनं तांब्यातलं सगळं पाणी त्यांच्या बुटांवर ओतलं आणि पायांवर डोकं ठेवलं.

वडिलांना वाटलं, अखेर एक दार उघडलं. बाईनं ओसरीवर पाट मांडला, त्यांना बसवलं, गंध लावलं. त्यांनी मुकाट्यानं लावून घेतलं, कारण बाईच्या डोळ्यांत पाणी होतं आणि असा भाविक श्रोता त्यांना नेकनुरात पहिल्यांदाच भेटला होता. वाढलं तेवढं जेवले. गावातल्या दोन शहाण्यांनी संध्याकाळी कुरकुर केली, की हा माणूस कुठल्या जातीचा, कुठल्या मुलखाचा. गयाबाईनं त्यांना एका वाक्यात गप्प केलं. "वडलांला जात इचारत्यात व्हय?"

झालं. जो माणूस आपणहून दारात येऊन वडील आलोय म्हणतो, त्याला पितृपक्षात परत कसं लावायचं? पंधरवडाभर वडिलांना बोलावणी. एकेका दिवशी दोन-दोन घरी. कोटाची बटणं लागेनात. रात्री खोलीत येऊन मला सांगायचे, "आप्पा, या गावाचे अंतःकरण उघडले आहे." मी म्हणायचो, खचित. असली गंमत रोज कोण देतो? मी काही मोडली नाही.

शेवटी अमावस्येला मलाच राहवेना, मी खरं सांगून टाकलं. वडील पाटावर बसल्यासारखे ओट्यावर बसले. मला वाटलं, आता रागावतील. पण ते म्हणाले, आमच्या पंथातही असं आहे. जो मनुष्य दीक्षा न घेता मेला, त्याच्या नावानं जिवंत माणूस पाण्यात उतरतो आणि मेलेल्याच्या वतीनं बुडी घेतो. इथं पाण्यात उतरायचं नसतं, जेवायचं असतं, एवढाच फरक. "मग मी लबाडीने जेवलो नाही," असं म्हणून त्यांचा चेहरा जरा मोकळा झाला.

दुसऱ्या दिवसापासून ते पुन्हा त्या घरांतून हिंडायला लागले. या वेळी धर्म सांगायला नाही. ज्यांच्या नावानं आपण जेवलो ते होते कसे, हे विचारायला. काय बोलायचे, कशावर चिडायचे, काय आवडायचं. बायका काम टाकून सांगत बसायच्या. गयाबाईच्या सासऱ्यावर बाई जेवढं बोलली तेवढं तो जिवंत असतानाही कोणी त्याच्यावर बोललं नसेल.

पण जेवणं आणि गप्पा यांचा हिशेब त्यांच्या मोठ्या साहेबाला काय सांगणार? हा साहेब पुण्याला असायचा. थंडीत तो टांग्यानं आला आणि पहिलाच प्रश्न विचारला, की पाण्यात किती उतरले. एकही नाही. साहेब वाईट माणूस नव्हता, पण त्यानं साफ सांगितलं. येत्या दसऱ्यापर्यंत एक तरी माणूस दीक्षा घेऊ दे, नाहीतर नेकनूर बंद, तू परत.

वडिलांनी हे फार मनाला लावून घेतलं. मी म्हटलं, बरंच झालं की, घरी जाल. तेव्हा त्यांनी मला घरची गोष्ट सांगितली. आई धर्माची, बाप तंबाखूचा. बापाचा या पंथावर काडीचा विश्वास नाही. पोरगा निघाला तेव्हा आगगाडीच्या फलाटावर सगळ्यांदेखत बाप हसून म्हणाला होता, तुझ्या सांगण्यावरून कोंबडीसुद्धा पाण्यात उतरायची नाही. पोरगा रागावला, न बोलता गाडीत बसला.

"एक मनुष्य, आप्पा. एकच. मग मी घरी जाऊन त्यांच्यासमोर उभा राहीन."

माझ्या पोटात काही राहत नाही. दुसऱ्या दिवशी कोंबडीची गोष्ट गावभर झाली. कोंडिबा तडक आला आणि म्हणाला, एका बुडीचाच सवाल असंल तर मी हाय की. एकच कशापायी, दहा मारतो.

ओढ्याला नवं पाणी आल्यावर दिवस ठरला. डोहाच्या दोन्ही काठांवर गाव लोटलं. वडील पांढरे कपडे घालून कमरेइतक्या पाण्यात उभे, शेजारी लंगोटी लावलेला कोंडिबा. वडिलांनी हात वर केला आणि आधी विचारलं, "बंधो कोंडिबा, तुम्ही हे मानता काय?"

"तुमी म्हनता म्हंजी खरंच आसंल."

"पण तुमच्या मनात?"

कोंडिबा खोटं बोलणारा गडी नव्हे. "मनात खंडोबा हाय. तुमी बी हाव. त्येंच्यात भांडन कशापायी लावता, वडील?"

वडिलांचा हात वरच राहिला. एक होकार, एक बुडी, आणि बापापुढे ताठ मानेनं उभं राहता आलं असतं. मग त्यांनी हात खाली घेतला. "नाही. हे खोटे होईल," असं म्हणून ते पाण्यातून बाहेर निघाले. कोंडिबा भिजलाच होता, त्यानं निवांत अंघोळ उरकून घेतली.

मी त्यांच्यावर जाम चिडलो. इतक्या लांब कोणाला कळणार होतं? ते म्हणाले, बापाशी खोटं बोलायला गेलो की माझी जीभ अडखळते, त्यांना लगेच कळतं. पण खरं सांगतो, त्या दिवसापासून मला ते आवडायला लागले. तोवर मी त्यांची मजा बघत होतो.

पुन्हा पितृपक्ष आला. पुन्हा बोलावणी. यंदा वडील जाणूनबुजून जायचे, आणि जाण्याआधी घरच्या बाईला विचारून घ्यायचे, की आज मी कोण? एका घरी तापट आजोबा होऊन कढीला नावं ठेवून आले. त्या घरची म्हातारी हसता हसता रडली. गाव म्हणायचं, असा पित्तर पंचक्रोशीत न्हाई.

अमावस्येच्या आदल्या दिवशी पुण्याचा मोठा साहेब अवचित येऊन उतरला. दसऱ्याला अजून अवकाश होता, म्हणून मला नवल वाटलं. दोघं खोलीत गेले. थोड्या वेळानं साहेब एकटाच बाहेर आला, माझ्या बाकड्यावर बसला आणि मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत मला सांगितलं. पुण्याला तार आली होती. जेन्सनचा बाप गेला. नांगर धरलेला असताना शेतातच गेला. मी याला उद्या घेऊन जातो.

त्या दिवशी खोलीचं दार उघडलं नाही. गयाबाईनं पान वाढून ठेवलं होतं, ते तसंच राहिलं. मी दोनदा दार वाजवलं. आतून "खचित" एवढंच आलं, आणि तेही कशाला ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडील दुकानात आले. डोळे सुजलेले, पण भांग पाडलेला. अमावस्येला कोणाचंही पित्तर घालता येतं ना, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. मग पायरीवरच्या माणसांदेखत म्हणाले, "आप्पा, मजला तंबाखू द्या. चांगली." कोणी हसलं नाही. मी डब्याच्या तळची, माझ्यासाठी ठेवलेली काढून दिली.

स्वयंपाक त्यांनी स्वतः केला. बापाला मक्याची जाड भाकरी दुधात कुस्करून खायला आवडायची. गयाबाईनं पीठ दिलं, चूल दिली, मळून द्यायलाही पुढे झाली. पण यांनी कोणाला हात लावू दिला नाही. भाकरी निम्मी करपली. माझ्या ओट्यावर पाट मांडला आणि पित्तर म्हणून कोंडिबाला बोलावलं. त्याचे पाय धुतले, पुसले, गंध लावलं. सगळं नीट, क्रमानं. इतक्या घरी करून घेतलेलं, आता पहिल्यांदा स्वतः करत होते. पानात भाकरी, वाटीत दूध, बाजूला पानावर तंबाखू. मोठा साहेब त्यांच्या भाषेत काहीतरी विचारत उठला. यांनी मान वर न करता एका शब्दात उत्तर दिलं. साहेब परत बसला आणि त्यानं हॅट काढून मांडीवर ठेवली.

"जेवा, वडील," हे हात जोडून म्हणाले.

कोंडिबानं पानाकडे पाहिलं. पानाला हात लावला नाही. पित्तर हात लावीना म्हटल्यावर बायका कुजबुजल्या. मला वाटलं, म्हातारा रीत विसरला. तो वर बघून म्हणाला, "तू जेवलास का?"

साऱ्या नेकनुरात दोन पावसाळ्यांत त्या पोराला कोणी तू म्हटलं नव्हतं. त्यानं नाही म्हणून मान हलवली.

"कालधरनं पोटात काय न्हाई तुज्या. मला दिसत न्हाई व्हय? हिकडं ये. बस माज्यापाशी."

"पण आधी तुम्ही..."

"म्या सांगतो न्हवं? तुजा बाप सांगतोय. बस." कोंडिबानं त्याला हाताला धरून पाटावरच शेजारी ओढलं, भाकरी दुधात कुस्करली आणि पहिला घास त्याच्या तोंडापुढे धरला. "आन् पान्यात कुनी उतरलं न्हाई तर न्हाई उतरलं. त्येचं काय एवढं? लई लांब आलतास तू. आता घरला जा, आईकडं बघ. जेव, लेकरा."

पोरानं तो घास घेतला. मग वाकून, नाक ओढत, करपलेल्या तुकड्यांसकट सगळं पान त्यानं खाल्लं. पित्तर म्हणून बसलेल्या कोंडिबानं स्वतः एक घासही घेतला नाही. पोराचं जेवण होईपर्यंत तो त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून होता.